सोनिका वाडीभस्मेचे अठ्ठेचाळीस सेकंद

सोनिका वाडीभस्मे हे नाव नागपूर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला एका दमात म्हणता येत नाही. टीव्हीवरच्या समालोचकानं तर पहिल्याच दिवशी 'वाडी' आणि 'भस्मे' अशा दोन वेगळ्या खेळाडू मैदानात उतरवल्या होत्या. तिथं पोचायच्या आधी मात्र सोनिकाला बरंच पळावं लागलं. त्यातलं थोडंफार मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते.

मी दिपाली. नागपुरात धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सतरा वर्षांपासून तंत्रज्ञ आहे. सोनिका आमच्याकडे चार वर्षांपूर्वी आली, डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा करून. तिचं काम घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायचं. सकाळी सहाला मोपेड काढायची, साडेनऊपर्यंत वीस-बावीस घरं करून लॅबमध्ये हजर. हात इतका हलका की सुई टोचली कधी आणि काढली कधी ते कळायचं नाही. धरमपेठेतल्या म्हाताऱ्या बाया फोन करून सांगायच्या, "तीच पोरगी पाठवा, दुसरी नको."

पण तिचे गुडघे कायम सोललेले. कोपरांना पट्ट्या. पहिले सहा महिने मला वाटायचं, ही रोज मोपेडवरून पडते. शेवटी एक दिवस मी रागावलेच. "गाडी जमत नसेल तर सोड ना बाई!"

ती हसत सुटली. "गाडीनं नाही पडत ताई. मी खो-खो खेळतो."

सोनिका पारशिवनीकडची. वडील कवडूभाऊ धानाची शेती करतात. पेंचच्या कालव्याचं पाणी बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, सोडलं की दोन बांध्यांमधला धुरा जेमतेम वीतभर रुंद उरतो, त्यावरून ही लहानपणी भावंडांना हुलकावण्या देत पळायची. पाय घसरला की चिखलात. शाळेतल्या खेळाच्या गुरुजींनी, मधुकररावांनी, ते पाहिलं आणि पोरगी खो-खोच्या मैदानात आणून उभी केली. पळणाऱ्याच्या मागे लागलेल्या खेळाडूनं एकदा खांदा एका दिशेला वळवला की त्याला मागे फिरता येत नाही, हा या खेळाचा नियम. गुरुजी त्या नियमावरच पोरींना वाढवायचे. "पाय खोटं बोलते," ते सांगायचे, "खांदा नाही बोलत. खांद्याकडं पाहत राहा, मग तुले कोणी धरत नाही."

आणि सोनिकाला खरंच कोणी धरू शकत नसे. गावच्या यात्रेतल्या सामन्यात एकदा ती अख्खा डाव नाबाद राहिली होती. नागपूरला शिकायला आली तेव्हा इथल्या एका क्लबमध्ये गेली, तिथंही तेच. अडचण एकच. आमचा विदर्भाचा मुलींचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या-दुसऱ्या फेरीतच घरी येतो. निवड करणारे लोक उपांत्य फेरीला येऊन खुर्चीवर बसतात, तोपर्यंत आमच्या पोरी परतीच्या गाडीत डबा खात असतात. मग सोनिका वाडीभस्मे कोण, हे कोणाला कळणार?

गेल्या वर्षी मुलींची व्यावसायिक खो-खो लीग सुरू होणार असं जाहीर झालं. सहा संघ, प्रत्येकात पंधरा खेळाडू. देशभरातून दोनशे चौदा जणींची नावं यादीत होती आणि त्यात आमची सोनिकाही होती. सहाही संघ फेरीफेरीनं आपापल्या खेळाडू निवडणार आणि ते सगळं मोबाइलवर थेट दिसणार.

निवडीच्या दिवशी दुपारी आम्ही डबे उघडले ते तसेच राहिले. मोबाइल ग्लुकोजच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पहिल्या पाच फेऱ्यांत तिचं नाव येणार नाही हे तिलाही माहीत होतं. सहाव्या-सातव्या फेरीपासून ती नखं खायला लागली. दहाव्या फेरीत तिच्याच क्लबविरुद्ध खेळलेल्या एका पोरीचं नाव आलं, तेव्हा ती टाळी वाजवून म्हणाली, "इले मी तीनदा चकवली आहे! म्हणजे आता माझं येते पाहा." पंधरावी फेरी संपली. नव्वद नावं झाली. पडद्यावर सगळ्या संघांचे मालक एकमेकांशी हात मिळवत होते.

सोनिकानं मोबाइल पालथा ठेवला. "ताई, दोन वाजताची बॅच लावायची आहे नं?" म्हणाली आणि नळ्या मशीनमध्ये ठेवायला उठली. एकही नळी इकडची तिकडं झाली नाही.

त्यानंतर पंधरा दिवस ती मैदानाकडं फिरकली नाही. मी विचारलं तर म्हणायची, "कायले जाऊ? पंचवीस पूर्ण झाले मले. घरचे आता स्थळं पाहून राहिले." सोळाव्या दिवशी मधुकरराव स्वतः लॅबमध्ये आले. आमचे व्यवस्थापक भैयाजी यांना वाटलं साखर तपासायला आले असतील, त्यांनी पावतीचं पुस्तकही काढलं. गुरुजींनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. तापी तुफान नावाच्या संघाला पुण्यातल्या शिबिरात सरावासाठी आठ मुली हव्या होत्या. या मुली संघात नसणार, सामना खेळणार नाहीत, नाव कुठं छापलं जाणार नाही. फक्त वीस दिवस संघातल्या खेळाडूंसमोर पळायचं, म्हणजे त्यांचा सराव होईल.

"म्हणजे शिकारीसाठी सोडलेला ससा," सोनिका म्हणाली.

"हाव," गुरुजी म्हणाले. "पण सश्याले पाहणारे लोक तिथं असतात वं."

ती हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

भैयाजींनी फार आढेवेढे घेतले नाहीत. "वीस दिवस," ते बोटं दाखवत म्हणाले. "एकविसाव्या दिवशी सकाळी सहाला मले तू मोपेडवर दिसली पाहिजे." तिची सकाळची घरं मी वाटून घेतली. धरमपेठेतल्या आज्या माझ्यावर फार नाराज होत्या.

पुण्यात पहिल्या दिवशी तिची फजिती झाली. आयुष्यभर मातीवर खेळलेली पोरगी, तिथं मॅट. मातीवर थोडं घसरून वळायची सवय. मॅट पाय पकडून ठेवते. पहिल्याच वळणावर तोंडावर आपटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. संघाच्या प्रशिक्षक सत्यवती मॅडम सांगलीकडच्या, स्वतः एकेकाळी मोठ्या खेळाडू. त्यांनी तिचे झिजलेले कॅनव्हासचे बूट पाहिले, सामानाच्या खोलीतून मॅटवरचे बूट आणून तिच्यापुढं ठेवले आणि म्हणाल्या, "घसरायचं विसर. लहान पावलं टाक."

लहान पावलं म्हणजे धुऱ्यावरची पावलं. सोनिका रात्री फोनवर मला म्हणाली, "ताई, मले एकदम घरच्यासारखं वाटलं." पाचव्या दिवशी संघातल्या मुलींना ती दोन मिनिटं सापडली नाही. नवव्या दिवशी साडेतीन मिनिटं. बाराव्या दिवशी मॅडमनी स्टॉपवॉच बंद केलं आणि आपल्याच खेळाडूंवर ओरडल्या, "अगं, नऊ जणी आहात तुम्ही! ही एकटी आहे!"

पण संघ भरलेला होता. पंधरा म्हणजे पंधरा. कोणी जखमी झालं, आजारी पडलं तरच बदली खेळाडू घेता येत होती, आणि सगळ्याजणी ठणठणीत. विसाव्या दिवशी मॅडमनी तिचा नंबर वहीत लिहून घेतला, बूट तिलाच देऊन टाकले. एकविसाव्या दिवशी सकाळी सहाला सोनिका मोपेडवर होती.

लीग सुरू झाली तरी ती सामने बघायची नाही. "बघितलं का पाय शिवशिवतात," म्हणायची. बूट तेवढे एका रविवारी गावाला घेऊन गेली. मधुकररावांना शाळेतल्या पोरींना दाखवायचे होते. त्यांनी ते शाळेच्या कपाटात, ढालींच्या शेजारी, ठेवून दिले.

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी सात वाजायच्या आत तिचा फोन वाजला. ती रामदासपेठेत एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधत होती. फोन खिशात थरथरत राहिला. तिनं रक्त घेतलं, कापूस लावला, नळीवर नाव लिहिलं, मगच फोन काढला. सत्यवती मॅडमचे चार मिस्ड कॉल.

"एकीला कांजिण्या उठल्यात," मॅडम म्हणाल्या. "दोघी आधीच जखमी. आज साडेपाचला इथं पुण्यात सामना आहे. अकरा वाजता नागपूरहून विमान आहे, तिकीट पाठवते. येशील?"

"येतो मॅडम," ती म्हणाली आणि आजोबांना नमस्कार करून जिने उतरली. खाली आल्यावर तिला आठवलं, बूट पारशिवनीला आहेत.

तिथून पुढचे तीन तास आमची सगळ्यांची नुसती पळापळ. तिनं पहिल्यांदा वडिलांना फोन केला, मग मला. मी तशीच अर्ध्या चहावरून उठले, तिच्या उरलेल्या घरांची यादी एका सहकाऱ्याला दिली आणि तिच्या खोलीवर जाऊन बॅग भरायला लागले. तिकडं कवडूभाऊ शाळेवर पोचले तर फाटकाला कुलूप. शिपाई गावाला गेलेला. कवडूभाऊंनी दगड उचलला होता, एवढ्यात मधुकरराव बनियनवरच चावी घेऊन पळत आले.

मी सोनिकाला मागं बसवून वर्धा रोडनं विमानतळावर नेलं. वाटेत तिनं माझा खांदा घट्ट धरला होता. दारावर शिपायानं तिकीट पाहिलं, वेळ पाहिली, म्हणाला, "आत जा लवकर." ती हलेना. "बूट येऊन राहिले," तिनं त्याला सांगितलं. त्याला काय कळणार! आम्ही रस्त्याकडं बघत उभ्या. दहा वाजले. दहा वाजून सहा मिनिटं झाली. मग लांबून एक धूळ माखलेली मोटारसायकल दिसली, पुढं कवडूभाऊ, मागं मधुकरराव, आणि गुरुजींच्या छातीशी धरलेली धानाच्या बियाण्याची थैली.

"घे वं, घे!" कवडूभाऊ गाडी उभी करायच्या आधीच ओरडले. "कामठीत रेल्वेचं फाटक लागलं नं, नाहीतर केव्हाचेच पोचलो असतो!"

तिनं थैली घेतली, दोघांच्या पाया पडली. गुरुजींना काहीतरी सांगायचं होतं, पण त्यांना दम लागलेला. ते नुसतेच स्वतःच्या खांद्यावर बोट आपटत राहिले. तिनं मान हलवली आणि आत पळाली. आयुष्यातलं पहिलं विमान.

कवडूभाऊ आणि गुरुजी परत गावाला गेलेच नाहीत. मी त्यांना लॅबमध्ये घेऊन आले. संध्याकाळी साडेपाचला आमच्या वेटिंग रूममध्ये बारा-पंधरा पेशंट होते, कोणी भंडाऱ्याहून आलेलं, कोणी वणीहून. भिंतीवरचा टीव्ही एरवी मुका असतो. भैयाजींनी स्वतः आवाज वाढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमची पोरगी खेळून राहिली आज. कोणाले त्रास होत असन तर सांगा." कोणालाच त्रास नव्हता.

सुरुवातीला ती बाकावरच दिसत होती. पांढरा-निळा टी-शर्ट, पाठीवर नावाची जागा कोरी. नाव छापायला वेळच मिळाला नव्हता. पुण्यात उतरल्या उतरल्या कागदावर सही केली ती तशीच मैदानात. शेवटचा डाव आला. तापी तुफानचे अठ्ठावीस गुण झालेले. आता समोरचा संघ पाठलाग करणार होता आणि तापीच्या मुली तीन-तीनच्या तुकडीनं पळणार. दोन तुकड्या गारद झाल्या. समोरच्यांचे पंचवीस गुण झाले आणि घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंद उरले. तिसऱ्या तुकडीत तीन नावं पुकारली गेली. शेवटचं आमचं.

"वाडी आणि भस्मे," समालोचक म्हणाला.

"एकच आहे ते!" कवडूभाऊ टीव्हीवर ओरडले.

तिच्या जोडीची पहिली मुलगी अर्ध्या मिनिटात बाद झाली. सव्वीस. दुसरी छान पळत होती, पण खांबाजवळ वळताना मागून आलेल्या मुलीनं सूर मारला आणि तिच्या पाठीला हात लावला. सत्तावीस. घड्याळात अठ्ठेचाळीस सेकंद, आणि मैदानात एकटी सोनिका. ती बाद झाली की बरोबरी, आणि नवी तुकडी आत येता येता सामना हातून जाणार.

मी बसलेले नव्हते. कोणीच बसलेलं नव्हतं. ज्यांच्या कोपराला कापूस दाबलेला होता ते हात वाकडे करून उभे.

तिच्या मागं सात नंबरची उंच मुलगी लागली. सोनिका बसलेल्या मुलींच्या ओळीतून आत-बाहेर, आत-बाहेर वळत निघाली, लहान लहान पावलं टाकत. खो मिळाला, दुसरी उठली. सोनिका उलटी वळली. पुन्हा खो. चाळीस सेकंद. पस्तीस. एकदा ती दोघींच्या मधे अशी सापडली की भैयाजींनी डोळे मिटले. मागच्या मुलीचा पाय डावीकडं पडला, आणि सोनिका उजवीकडं न जाता सरळ तिच्याच अंगावर गेल्यासारखी पुढं सटकली. तिनं खांदा पाहिला होता, तो उजवीकडं वळलेला. ती मुलगी उजवीकडं भेलकांडत गेली.

"हाव!" गुरुजी ओरडले. खुर्ची उलटी पडली.

वीस सेकंद. पंधरा. आता समोरच्या मुली तिला एका खांबाकडं ढकलत होत्या. खांबापाशी पाठलाग करणारीला कुठंही वळता येतं, तिथं खांदा पाहून उपयोग नसतो. नऊ सेकंद राहिले आणि सात नंबरची ती उंच मुलगी खांबाला धरून अख्खी हवेत आडवी झाली. तिची बोटं सोनिकाच्या टाचेपर्यंत आली. सोनिका पडली. पंचांचा हात वर जातोय असं मला वाटलं.

हात आडवा हलला. लागलं नव्हतं! ती हातांवर उठली, कशीबशी चार पावलं पळाली आणि शिट्टी वाजली. अठ्ठावीस विरुद्ध सत्तावीस.

आमच्या वेटिंग रूममध्ये काय झालं ते सांगता येत नाही. वणीहून आलेली एक बाई माझ्या गळ्यात पडून रडत होती, तिचं नाव मला आजही माहीत नाही. कवडूभाऊ एका खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भैयाजी सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्याकडे कामाले आहे! कामाले आहे आमच्याकडे!" पडद्यावर सत्यवती मॅडम तिला मॅटवरून उचलत होत्या.

सातला तिचा फोन आला. गोंगाटात काही ऐकू येत नव्हतं. एवढंच कळलं, "ताई, पाहिलं का? ताई, तुम्ही पाहिलं का?"

दोन दिवसांनी पुढचा सामना होता, त्यात तिला पहिल्या तुकडीत उतरवलं आणि ती बावीस सेकंदांत बाद झाली. हे ती कोणी न विचारताही सांगते. समोरच्यांनी तिचा मागचा सामना दहा वेळा पाहिला होता म्हणे. ती रडत बाकावर आली तेव्हा मॅडमनी पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाल्या, "तुझा अभ्यास करून आलेत ते. महिनाभरापूर्वी तुला कोणी ओळखत होतं का?"

तिसऱ्या सामन्यात ती दोन मिनिटं चाळीस सेकंद टिकली. उपांत्य फेरीत तापी तुफान हरली, पण तेव्हा तिच्या पाठीवर नाव छापलेलं होतं, एका ओळीत मावत नव्हतं म्हणून दोन ओळींत. हंगाम संपल्यावर संघानं पुढच्या दोन वर्षांसाठी तिच्याशी करार केला. आता ती व्यावसायिक खेळाडू आहे. भैयाजींनी तिचा राजीनामा घेतला आणि पेढे आणायला मलाच पाठवलं.

परवा पुण्याहून तिचा फोन आला. शिबिर सुरू झालंय. या वेळी सरावासाठी आलेल्या आठ मुलींमध्ये एक गोंदियाची आहे, अवघी एकोणीस वर्षांची, आणि ती कोणाच्याच हाती लागत नाहीये.

"मी पण तिच्या मागं लागून थकली ताई," सोनिका धापा टाकत म्हणाली. "भल्ली पळते! उद्या पकडतोच तिले."